एका दमात घेतलेलं रडणं

बापूसाहेब नान्नजकरांनी कधी कुणाचं पुरतं ऐकून घेतल्याचं मी पाहिलं नाही. तुम्ही बोलायला लागलात की ते तुमच्या तोंडाकडं बघायचे, पण बघायचे ते मंडईत वांगी उलटीपालटी करून बघावीत तसं. मग मान तिरकी करून म्हणायचे, "डावा गाल चांगलाय तुमचा. उजवा वाया गेला." तुमचं पोर तापानं फणफणलेलं असो की तुमची बदली झालेली असो, बोलणं तिथंच मोडायचं. आणि आमच्या पेठेतले लोक असले खुळे, की घरी जाऊन बायकोला डावा गाल दाखवायचे. माझे दोन्ही गाल वाया गेलेत असं त्यांचं मत होतं. ते ऐकून मला बरंच वाटलं. या माणसाच्या पसंतीला उतरावं असं मला कधी वाटलं नाही.

बापूसाहेब म्हणजे सिनेमाचे दिग्दर्शक. काही वर्षं कोल्हापुरात गाजले, पुढं काही वर्षं नुसतेच तिथं वावरले, आणि कुणी विचारीना झालं तेव्हा बायकोच्या माहेरगावी, आमच्या सोलापुरात येऊन राहिले. बायको केव्हाच वारली होती. दुष्काळ सरून रॉकेलच्या रांगा लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. गंगव्वा म्हणून एक म्हातारी आमच्या बोळात राहायची. तिच्या घराच्या माडीवर ते आणि त्यांची मुलगी सुमन अशी दोघंच असायची. सुमनताईंनी लग्न केलं नव्हतं. आमच्याच मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या आणि मी भूगोल. शाळा, घर आणि बाप, यापलीकडं त्यांना चौथी दिशा नव्हती.

बापूसाहेबांचं दुकान उघडायचं संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या उडप्याच्या हॉटेलात. दुकानच म्हणायचं त्याला. पांढरा सदरा, गळ्याभोवती रेशमी रुमाल, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातही तो रुमाल सुटायचा नाही. भोवती चार रिकामटेकडे, दोन निवृत्त मास्तर आणि आमच्या व्याख्यानमालेचे अध्यक्ष. हे अध्यक्ष कापडाचे व्यापारी होते आणि मोठा माणूस दिसला की त्यांचे हात आपोआप जोडले जायचे. मी व्याख्यानमालेचा चिटणीस, म्हणून मलाही तिथं बसावं लागायचं.

आठवणी सुरू झाल्या की त्या सगळ्या एकाच माणसाच्या असायच्या. कॅमेरामन? "त्याला काय, मी सांगितलं तिथं पेटी ठेवली." लेखक? "कारकून होता हो. मी बोलायचो, तो उतरून घ्यायचा." गाण्याच्या चाली म्हणे त्यांनीच आंघोळ करताना गुणगुणल्या होत्या आणि संगीतकार न्हाणीघराबाहेर बसून होता. एकदा मी विचारलं, "मग बापूसाहेब, बाकीची मंडळी स्टुडिओत येत कशाला होती?" ते म्हणाले, "जेवायला." सगळे हसले. मीही हसलो, कारण उत्तर चांगलं होतं. तेवढं त्यांना यायचं.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "माणसात भाव नसतो. काढावा लागतो. म्हशीचं दूध काढतात तसा." हे ते इतक्यांदा बोलायचे की हॉटेलातला वाढपीसुद्धा त्यांच्या आधी ओठ हलवायचा. मला पहिल्यांदा ते वाक्य बरं वाटलं होतं. पण एका मयताला त्यांना पाहिलं आणि माझं मन जे उडालं ते उडालंच.

आमच्या मागच्या आळीत मागवाल्यांची वस्ती, घराघरातून मागाचा खटखटाट. तिथल्या नरसय्याचा बाप गेला. सगळे जमलो, बापूसाहेबही आले. बायका प्रेताभोवती बसून तेलुगूत हेल काढून रडत होत्या. बापूसाहेब दारात उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं, आणि नरसय्याच्या आईला म्हणाले, "बाई, जरा अशा इकडं सरका. उजेड इकडनं येतोय." त्या बिचारीला वाटलं, काही विधी असेल. ती सरकली की! मग त्यांनी दुसऱ्या एका बाईला मागं बसवलं, एका पोराला तिच्या मांडीवरून उठवलं. कुणाला काही सुधरेना. शेवटी नरसय्या पुढं आला. तो काही मोठ्यानं बोलला नाही. म्हणाला, "साहेब, थोडा बाजूला व्हा. बापाला उचलायचंय." संध्याकाळी हॉटेलात बापूसाहेबांनी निकाल दिला, "रडणं ढिलं होतं. म्हातारीत दम होता, पण काढून घेणारा कुणी नव्हता." अध्यक्षांनी मान डोलावली. मला चहा कडू लागला.

आता त्यांच्या त्या एकाच चाललेल्या चित्रपटाबद्दल सांगायला हवं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही "वा" म्हणाल आणि माझी सगळी मेहनत फुकट जाईल. त्यात एक सहा वर्षांची पोर आहे. तिची आई मरते आणि ती आईला हाका मारत रडते. ते रडणं बघून सबंध महाराष्ट्र रडला. माझी आई पदराचा बोळा तोंडात कोंबून रडलेली मला आठवते. दृश्य चांगलंच आहे. ते मला नाकारता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो.

कारण ती पोर म्हणजे सुमन. आणि ते रडणं कसं काढलं, हीच बापूसाहेबांच्या दुकानातली सगळ्यात खपणारी वस्तू होती. आम्ही ती किती वेळा ऐकली असेल! पोरगी रडेना. डोळ्यांत औषध घातलं तर खिदळायला लागली. सगळे दमले. मग बापूसाहेबांनी कॅमेरा सुरू ठेवायला सांगितला, पोरीपुढं उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "सुमे, आपली आई गेली गं. आत्ताच निरोप आलाय." पोरगी क्षणभर बघत राहिली आणि मग जी फुटली! "एका दमात घेतलं," बापूसाहेब टेबलावर थाप मारायचे, "पुन्हा घ्यावं लागलं नाही." मग रंगभूषेच्या खोलीच्या दाराआडून त्यांनी बायकोला बाहेर आणलं. "ही कोण बघ, येडे!" सगळा स्टुडिओ हसला. पोरीला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. गोष्ट इथं संपायची आणि पुढचा चहा यायचा.

त्या साली आमच्या अध्यक्षांनी काढलं, व्याख्यानमालेत बापूसाहेबांची प्रकट मुलाखत ठेवू या. आमच्या गावाला मोठ्या माणसाची भूक फार. खरा मिळाला नाही तर शिळाही चालतो. मुलाखत घ्यायची कुणी? चिटणिसानं. गळ्यात आलं, घेतलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुमनताई मला शिवणाच्या वर्गात भेटल्या. जुन्या वर्तमानपत्रावर झबल्याचा कागद कापत होत्या. बोलताना त्यांनी कात्री थांबवली नाही.

"सर, तुम्ही मुलाखत घेणार ना? मग एवढं एकच करा. माझ्या रडण्याची गोष्ट निघू देऊ नका."

मी म्हणालो, "ते मलाही आवडत नाही. पण ती तर रोजच सांगतात हो."

"हॉटेलात सांगतात, ठाऊक आहे मला. तिथं मी नसते." मग त्यांनी मला गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. तो बापूसाहेबांनी कधीच सांगितला नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांची आई सोलापुरात, माहेरी, विषमज्वरानं खरोखर गेली. सात वर्षांच्या सुमनला आईसमोर बसवलं. मावश्या, माम्या आक्रोश करत होत्या आणि ही सगळ्यांच्या तोंडांकडं बघून हसत होती. आता दाराआडून आई येणार, हे तिला पक्कं माहीत होतं. आई येईना, तेव्हा ती उठून स्वयंपाकघराच्या दारामागं बघून आली. कोठीच्या खोलीत बघून आली. आईला घेऊन गेले तरी ही दारं धुंडाळतच होती. "मावशी म्हणाली, पोरगी दगडाची आहे. दगडाची नव्हते हो सर. मी खेळात होते. खेळ संपला हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं, आणि तेव्हा रडायला घरात कुणी थांबलं नव्हतं."

त्या कापतच होत्या.

"मी बाबांनाही सांगितलंय. ते 'बरं' म्हणालेत. आजवर मी त्यांच्याकडं दुसरं काही मागितलेलं नाही. समोर माझ्या शाळेतल्या मुली असणार, मी असणार. माझ्यादेखत त्या गोष्टीला टाळ्या पडल्या, तर त्या घरात परत जाणं मला जमायचं नाही. करमाळ्याच्या शाळेतनं बोलावणं आलंय. बाबांचं कोण करणार, म्हणून मी नाही म्हणणार होते. अजून कळवलेलं नाही."

"म्हणजे सगळं त्या 'बरं'वर आहे?"

"हो," त्या म्हणाल्या. "बघू या, पाळतात का." त्यांच्या बोलण्यात थोडी आशा होती. तीच मला सहन झाली नाही.

मुलाखतीला ही गर्दी! पटांगणात सतरंज्या पुरल्या नाहीत. पहिल्या रांगेत खुर्च्या, त्यात सुमनताई आणि शेजारी गंगव्वा. म्हातारीनं आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता, पण आपल्या भाडेकरूचा सत्कार म्हणून नवं इरकल नेसून आली होती. मागं शाळेतल्या मुली.

मी जपून चाललो होतो. लहानपण विचारलं, तंबूतला सिनेमा विचारला, कोल्हापूरचं हवापाणी विचारलं. बापूसाहेब सगळ्याला "मी" म्हणूनच उत्तर देत होते. एकदा त्यांनी मुलीकडं बघितलं आणि मान हलवली. मला वाटलं, चला, माणूस शब्दाला जागणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल बरं वाटायला लागलं होतं.

पण तेवढ्यात मागं कुणी जांभई दिली. एक पोरगं रडायला लागलं, दोन-चार माणसं धोतर झटकत उठली. बापूसाहेबांनी ते बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी अगदी जवळून पाहिलं. समोरचे लोक उठायला लागले की हा माणूस पोटचं पोर विकायला काढील, हे मला त्या क्षणी कळलं. मी घाईघाईनं पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"ते राहू द्या हो," ते म्हणाले, "लोकांना रडण्याचं ऐकायचंय."

आणि सांगितलं. हॉटेलात सांगायचे त्याहून रंगवून सांगितलं. उठलेली माणसं बसली. उकिडवं बसणं, हळू आवाज, "आपली आई गेली गं", सगळं. लिमलेटच्या गोळ्यांना हशा पिकला. वर म्हणाले, "ती मुलगी इथंच बसली आहे. सुमे, उभी राहा." सुमनताई उभ्या राहिल्या. काय टाळ्या पडल्या! मुलीसुद्धा वाजवत होत्या, त्यांना काय माहीत. मी मान खाली घातली.

टाळ्या थांबल्या तशी गंगव्वा बसल्या जागेवरून बोलली. प्रश्न विचारायची पद्धत तिला ठाऊक नव्हती, आणि तिचा आवाज असा की तिला माईक लागत नव्हता.

"आन् मग ती बाई खरंच म्येली की हो, आमच्याच गल्लीत. तवा ही पोर रडली का न्हाय?"

बापूसाहेब एकदम अडखळले. म्हणाले, "मला ठाऊक नाही. मी कोल्हापुरात होतो. चित्रीकरण चालू होतं, ते सोडून मी आलो नाही."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण यालाही टाळ्या पडल्या. "याला म्हणतात निष्ठा," आमचे अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले. बायकोच्या मयताला न आलेल्या माणसाला माझ्या गावानं टाळ्या वाजवल्या. अजून मी त्या पटांगणावरून जाताना मान वळवतो.

बापूसाहेबांना धीर आला. ते मुलीकडं वळले. लाज नाही, दुःख नाही, नुसतं कुतूहल. "सुमे, खरंच गं, रडलीस का तू तेव्हा?"

सुमनताई अजून उभ्याच होत्या. म्हणाल्या, "नाही."

"बघा!" बापूसाहेबांनी हात वर केला. "मी काय म्हणतो? खरी आई मेली तर रडली नाही, आणि माझ्या कॅमेऱ्यापुढं रडली! माणसात भाव नसतो मंडळी, काढावा लागतो."

टाळ्यांचा नुसता पाऊस. लोक उभे राहून वाजवत होते. माझ्या आयुष्यात इतकी नीच गोष्ट इतक्या आनंदात झालेली मी पाहिली नाही. लोक खाली बसले तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

मग अध्यक्षांनी त्यांच्या अंगावर आमच्या गावची चादर घातली, नारळ दिला, कुणीतरी आभार मानले. बापूसाहेब चादर पांघरून खुर्चीत बसून राहिले, नेहमी मुलगी दंड धरून पायऱ्या उतरवायची म्हणून. लोक पांगले, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली. शेवटी मीच त्यांना टांग्यात घातलं. वाटेत त्यांनी एकच विचारलं, "शेवट चढला ना?" उत्तर टांगेवाल्यानं दिलं, "लई भारी झालं म्हनं साहेब."

दारात गंगव्वा उभी होती. तिनं माडीची किल्ली माझ्या हातात दिली. बापूसाहेबांच्या हातात दिली नाही.

"सुमी गेली. ट्रंक घिऊन गेली ठेसनवर. जेऊरला उतरनार, तितनं करमाळा. भात झाकून ठिवलाय म्हनली." मग म्हातारी त्यांच्याकडं वळली. "मी इचारायला नगं व्हतं काय की. पर तुमी तर बाप हाय की हो."

बापूसाहेब म्हणाले, "रागीट आहे. उद्या येईल." आणि नारळ सांभाळत जिना चढले.

सुमनताई उद्याही आल्या नाहीत आणि नंतरही नाहीत. करमाळ्याहून त्यांनी मला दोन ओळी पाठवल्या, शाळा बरी आहे म्हणून. वडलांसाठी गंगव्वाच्या नावानं मनीऑर्डर यायची. माणूस आलं नाही. व्याख्यानमालेचं काम मी सोडलं आणि उडप्याच्या हॉटेलातही जाईनासा झालो.

बापूसाहेब मला पुन्हा एकदाच नीट दिसले. दोन उन्हाळे गेले असतील. माझी बायको माहेरी मोहोळला गेली होती म्हणून मी स्टेशनाकडच्या एका खानावळीत शिरलो, तर कोपऱ्यात तोच रेशमी रुमाल. आता कडा उसवलेल्या. ताटात ज्वारीची भाकरी आणि आमटी. शेजारी परगावची दोन-तीन माणसं, बाजाराला आलेली, आणि बापूसाहेबांचं दुकान चालू. गोष्ट तीच. फक्त तिला आता नवा शेवट जोडला होता. लिमलेटच्या गोळ्यांवर ते थांबत नव्हते. "आणि पुढच्या वर्षी तिची खरी आई मेली," घास हातात तसाच धरून ते सांगत होते, "तेव्हा ही रडली नाही! डोळ्यांतनं टिपूस नाही!" मुलीच्या काळजाचा तो तुकडासुद्धा त्यांनी उचलून दुकानात मांडला होता.

ऐकणाऱ्यांतला एक म्हातारा म्हणाला, "आरं द्येवा. मग आता कुटं असती ती पोर?"

"घरी," बापूसाहेब म्हणाले. "कुठं जाणार? मी घरी गेल्याशिवाय जेवत नाही ती."

म्हाताऱ्यानं त्यांच्या ताटाकडं बघितलं. घरी मुलगी जेवायची थांबलेली आणि हा माणूस खानावळीत भाकरी मोडतोय, हे काही त्याच्या ध्यानात येईना. बापूसाहेबांना ते कळलं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मी दिसलो. त्यांचा चेहरा उजळला.

"हे आमच्या पेठेतले मास्तर. सुमीच्याच शाळेतले. विचारा यांना! सांगा हो मास्तर."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बापूसाहेबही बघत होते. पहिल्यांदाच ते माझा गाल बघत नव्हते, माझ्या डोळ्यांत बघत होते. मी "हो" म्हणावं एवढीच त्यांची मागणी होती. एक "हो" म्हटलं असतं तर त्यांची भाकरी गोड झाली असती. माझं काहीच जात नव्हतं.

"ती करमाळ्याला असते," मी म्हणालो. "तुमच्या मुलाखतीच्या दिवशी गेली. तेव्हापासून आली नाही."

म्हाताऱ्यानं मान फिरवली आणि आपल्या ताटाशी लागला. बाकीचेही जेवायला लागले. बापूसाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग वाढप्याला म्हणाले, "आमटी वाढ रे." वाढपी दुसऱ्या पंगतीत होता, त्याला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. कोरडीच भाकरी खात राहिले.

मी जेवण पुरं केलं, हात धुतले आणि त्यांच्या अंगावरून बाहेर आलो. मला वाईट वाटलं नाही.